हिवरकुंडचं नाक

श्रेयस वाळुंज सासरी आला तो धोंडे खायला, आणि अडकला बिबट्याच्या भानगडीत.

लग्नानंतरचा हा त्याचा पहिलाच अधिक महिना. त्याच्या सासूबाईंनी, मंदामामींनी, पुरणाचे धोंडे केले, तेहतीस बत्तासे मांडले, ताटाभोवती रांगोळी काढली. ताटात उणीव एकाच गोष्टीची होती. भात नव्हता.

"जावईबापू, रागावू नका हं," मामी म्हणाल्या. "ह्यांची साखर वाढल्यापासून घरात तांदळाचा दाणा आणत नाही मी. समोर भात दिसला की ह्यांचा जीव वरखाली होतो."

'हे' म्हणजे रोहिदास हांडे, हिवरकुंडचे सरपंच. दहाव्याला आल्यासारखा चेहरा करून ते जावयाशेजारी ज्वारीची भाकरी चावत होते. पथ्याचा हा हुकूम त्यांच्याच मुलीचा, म्हणजे श्रेयसच्या बायकोचा, प्रांजलचा होता. ती पुण्यात आहारतज्ज्ञ होती आणि आता नवऱ्याबरोबर माहेरी आली होती. वडिलांच्या दंडावर तिने रुपयाएवढी एक चकती चिकटवून दिली होती. ती चकती रक्तातली साखर मोजायची आणि आकडा थेट प्रांजलच्या मोबाइलवर पाठवायची.

"जावईबापू," भाकरीवरचं लक्ष उडवण्यासाठी सरपंचांनी विषय काढला, "तुमची कंपनी मशिनींचे मेंदू बनवते ना?"

"कपडे धुण्याच्या मशिनींचे, मामा."

"मेंदू तो मेंदू. आमच्या गावाचं नाक बंद पडलंय. गुरुवारी वनखात्याच्या तडवी मॅडम तपासायला येणारेत. तोवर चालू झालं नाही तर त्या ते उचलून उंबरदऱ्याला देतील."

उंबरदऱ्याच्या सरपंचाने पतपेढीच्या निवडणुकीत मामांना पाडलं होतं. तेव्हा प्रकरण नाजूक होतं.

नाक ही नवी सरकारी योजना. सरकारी नाव 'गंधप्रहरी', पण ते तोंडात धरायला कुणाला वेळ नव्हता. त्या भागातल्या बिबट्यांच्या आता कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या होत्या. डोंगर त्यांनी पाहिलाही नव्हता. उसात कॅमेऱ्याला काही दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी डोळ्याचा नाद सोडला आणि नाकाकडे मोर्चा वळवला. कुत्र्याच्या नाकात वेगवेगळे वास ओळखणारी प्रथिनं असतात. एक प्रथिन म्हणजे एक कुलूप, वासाचा रेणू म्हणजे किल्ली. अशी प्रथिनं प्रयोगशाळेत यीस्टकडून बनवून घेता येऊ लागली. ती केसाहून बारीक कार्बनच्या पट्टीवर बसवायची. हवेतला नेमका रेणू येऊन कुलपात बसला की पट्टीतून वाहणारी वीज किंचित बदलते, आणि वास पकडला जातो. बिबट्या आपली हद्द मूत्राने आखतो. त्या मूत्रात एक चिवट, दूरवर पसरणारा रेणू असतो. महागडी नाकं पाच-सहा रेणू एकत्र जुळवून खात्री करत. ग्रामपंचायतीला परवडणारं नाक त्या एकाच रेणूवर विसंबून होतं.

दुपारी श्रेयस आपली पिशवी घेऊन शेतात गेला.

नाकाचे भाग दोन. उसाच्या कडेला, विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीला लागून एक लोखंडी खांब होता आणि त्यावर पेरूएवढा सेन्सर. दुसरा भाग सरपंचांच्या फाटकापाशी: एक हिरवी पेटी, तिच्यात मायक्रोकंट्रोलर, वर भोंगा आणि भोंग्यामागे सरपंचांचा हसरा फोटो असलेला फलक. दोहोंच्या मधे गोठ्यामागून फिरवलेली लांबलचक काळी केबल. मायक्रोकंट्रोलरने सेन्सरला सारखं विचारत राहायचं, 'काही वास?' आणि सेन्सर हो म्हणाला की भोंगा वाजवायचा. बसवल्या दिवसापासून एक विचारत होता आणि दुसरा उत्तर देत नव्हता.

श्रेयसने लॅपटॉप जोडला. पडद्यावर एकच ओळ पुन्हापुन्हा उमटू लागली: 'उपकरण सापडत नाही.'

गेणभाऊ शेजारी उकिडवे बसले होते. मामांचे बालमित्र, त्यांच्या मोटरीचे राखणदार, आणि अंगाने उसाच्या टिपरासारखे वाळलेले.

"वीज पोचती का खांबावर?" त्यांनी विचारलं.

मीटर लावून श्रेयसने पाहिलं. वीज पोचत होती. तारा उलटसुलट जोडल्यात का तेही पाहिलं. बरोबर होत्या. अशा प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक असतो, घराला असतो तसा. प्रोग्रॅममधला क्रमांक चुकला असेल म्हणून त्याने मायक्रोकंट्रोलरला सगळ्याच क्रमांकांना हाका मारायला लावल्या. पोस्टमनने आळीतलं प्रत्येक दार वाजवावं आणि एकानेही उघडू नये, तसं झालं.

"मुकं असंल ते, जावईबापू."

श्रेयसने सेन्सर खाली काढला, पेटी फाटकावरून आणली, दोन्ही ओसरीवरच्या टेबलावर ठेवली आणि पिशवीतल्या वीतभर तारांनी जोडली. सेन्सरने पहिल्याच हाकेला ओ दिली.

"बोललं की!" गेणभाऊ ओरडले.

पुन्हा सेन्सर खांबावर, पेटी फाटकावर. पुन्हा शांतता.

"वर चढवलं की वाचा जाती," गेणभाऊ म्हणाले. "आमच्या उपसरपंचाचं असंच आहे. पारावर ऐकवत नाही, अन् माइक हातात दिला की घाम फुटतो."

श्रेयसने तारांवरचे रेझिस्टर बदलून पाहिले. एकदाच उत्तर आलं: हिवरकुंडचं तापमान उणे चाळीस. वैशाखवणव्यात घामाने निथळत तो त्या आकड्याकडे बघत राहिला. मग पुन्हा 'सापडत नाही'. शेवटी हताश होऊन तो सामान आवरायला लागला. वीतभर तारा पिशवीत टाकताना त्याचा हात थांबला. टेबलावर त्याने या तारा वापरल्या होत्या आणि खांबासाठी ती काळी केबल. बदललेली गोष्ट तेवढीच होती.

सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर ज्या भाषेत बोलत होते, ती एकाच पाटीवर शेजारीशेजारी बसणाऱ्या चिप्ससाठी बनलेली. सगळा कारभार विजेच्या ठोक्यांचा: तार वर, तार खाली, सेकंदाला हजारो वेळा. पण लांब केबल म्हणजे वीज साठवणारं भांडंच. प्रत्येक ठोक्याला आधी ते भांडं भरावं लागतं, आणि ते भरेपर्यंत पुढचा ठोका येऊन धडकतो. धारदार कडांचे ठोके पलीकडे पोचेपर्यंत नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत झालेले असतात. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

कंपनीने दिलेला जोडणीचा नकाशा पाहिला तर पेटी खांबावरच बसवायची होती. ती फाटकावर कशी आली, हे विचारायची गरज नव्हती. फलकावरचा फोटो सगळं सांगत होता.

संध्याकाळी ओट्यावर दहा-बारा माणसं बसलेली असताना श्रेयसने विषय काढला.

"मामा, पेटी खांबावर न्यावी लागेल."

"का? इथं तिला काय दुखतंय?"

"केबल फार लांब झालीय."

"आखूड पडली असती तर समजलो असतो. लांब झाली म्हणून कुणाचं काय बिघडलं?"

श्रेयसने ठोके, भांडं, गोटे, सगळं समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"म्हणजे चूक माझी?"

प्रांजल दारातून नवऱ्याकडे बघत होती. ओठ दाबून हसत होती, पण मदत करायचं तिचं काही चिन्ह नव्हतं.

"चूक केबलची, मामा."

"ठेकेदाराची म्हणा."

"ठेकेदाराचीच. पेटी फक्त खांबावर जाईल. भोंगा आणि फलक इथंच ठेवू. दोन्हीच्या मधे रेडिओ लावतो, तारच नको."

"फोटो इथंच?"

"फोटो इथंच."

"मग न्या की पेटी," मामांनी चष्मा चढवला. "विज्ञानाच्या आड आपण कधी आलेलो नाही."

दुसऱ्या दिवशी पेटी सेन्सरच्या खाली वीतभर अंतरावर बसली आणि दोघं बोलायला लागले. बुधवारी पहाटे भोंगा बोंबलला. खात्रीसाठी खांबावर लावलेल्या कॅमेऱ्यात विहिरीशेजारच्या हौदावर पाणी पिणारी बिबट्याची मादी स्पष्ट आली. गुरुवारी वनपाल शिरीन तडवी आल्या. यावलकडच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चित्रफीत दोनदा पाहिली, "झकास काम केलं" म्हणाल्या आणि सही केली. हार मात्र सरपंचांच्या गळ्यात पडला. त्यांनी तो काढून जावयाच्या गळ्यात घातला, पण फोटो निघाल्यावर.

श्रेयस शुक्रवारी निघणार होता. दोन-तीन दिवसांची बघ्यांची गर्दी त्या सकाळी खांबापासून हटली, आणि दुपारी एक वाजता भोंगा पुन्हा वाजला.

माणसं काठ्या घेऊन धावली. बिबट्या नाही, कॅमेऱ्यात चित्र नाही, मातीत ठसा नाही. शनिवारी एक वाजता पुन्हा तेच. रविवारी पुन्हा. भर दुपारी येणारा आणि कुणालाही न दिसणारा बिबट्या म्हटल्यावर गावाची पाचावर धारण बसली. टोमॅटो तोडायला येणाऱ्या बायकांनी सांगून टाकलं, आम्ही येत नाही. फळं झाडावर लालभडक होऊन फुटायला लागली. दुधाचा टेम्पो वस्तीच्या अलीकडेच थांबायला लागला. तडवी मॅडमनी मोटरीच्या खोलीजवळ पिंजरा आणून लावला. त्याच्या मागच्या कप्प्यात एक शेळी बांधली, पुढचा कप्पा बिबट्यासाठी उघडा. श्रेयसने कंपनीला फोन केला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "वास आहे म्हणजे बिबट्या आहे, सर."

नाक आपण जुळवलं, आता सोडून जायचं कसं? श्रेयसने मुक्काम वाढवला आणि पुण्याचं काम ओट्यावर बसून सुरू केलं.

सोमवारी भोंगा वाजला नाही. मंगळवारपासून पुन्हा रोज. पुढच्या सोमवारी पुन्हा शांतता.

"सोमवारी कुठं जातो हा?" प्रांजलने भोंग्याच्या नोंदी बघत विचारलं.

"उपास असंल त्याचा," मामी म्हणाल्या आणि राजगिऱ्याचं थालीपीठ घेऊन आत गेल्या. थालीपीठ मामांसाठी होतं. त्या घरात सोमवार फक्त मामा धरायचे.

मामी रोज दुपारी बचत गटाच्या कामाला जात. त्या गेल्या की मामा भाकरीचं ताट झाकून म्हणत, "जरा मोटर बघून येतो." मोटर गेणभाऊ बघत असताना ती रोज पुन्हा काय बघायची, हा प्रश्न जावयाने विचारायचा नसतो, म्हणून त्याने विचारला नव्हता. त्या संध्याकाळी त्याने कंपनीच्या माहितीपत्रकातून त्या रेणूचं लांबलचक नाव काढलं आणि इंटरनेटवर शोधलं. पहिल्या पानावर बिबट्या एकदाच आला. बाकी सगळ्या पाककृती होत्या.

मंगळवारी एकच्या सुमारास त्याने मोटरीच्या खोलीचं दार ढकललं.

आत वाफ होती आणि अख्खी खोली घमघमत होती. विजेच्या शेगडीवर पातेलं, समोर मामा आणि गेणभाऊ मांडी घालून बसलेले, मामांच्या हातात तुपाचा चमचा. मग मामांच्या तोंडून सवयीने निघालं, "या, जावईबापू. बसा जेवायला."

"आंबेमोहोर?" श्रेयसने विचारलं.

"अस्सल. मावळातला."

आल्यापासून त्यालाही भाताचं दर्शन नव्हतं. तो बसला. पहिला घास संपवून त्याने बोलायला सुरुवात केली. दुसऱ्या वाढपाला त्याने नको म्हटलं नाही, त्यामुळे बोलण्यातला कडकपणा बराच कमी झाला.

"मामा, हा जो सुगंध आहे ना, तोच रेणू बिबट्याच्या हद्दीच्या वासात असतो. तंतोतंत तोच. नाकाला फरक कळत नाही."

"म्हणजे बिबट्याला भाताचा वास येतो?" गेणभाऊंनी विचारलं.

"बिबट्याच्या मुताला येतो."

गेणभाऊंनी हातातला घास खाली ठेवला. जरा विचार केला. पुन्हा उचलला.

"आणि साखर?" श्रेयसला एकदम आठवलं. "प्रांजलच्या मोबाइलवर तर तुमची साखर उत्तम दिसते."

गेणभाऊंनी निमूटपणे बाही वर केली. चकती त्यांच्या दंडावर होती.

"जावईबापू," मामांनी पातेल्यावर झाकण ठेवलं, "माझ्या अख्ख्या संसारात तुमच्या मामीला मी एकाच बाबतीत फसवलंय."

"पण रोज!"

"रोज," मामांनी मान खाली घातली. "सोमवार सोडून. आता गावाला कळलं की सरपंचाच्या भातापायी टोमॅटो सडले, तर मला तोंड दाखवायला जागा नाही. अन् प्रांजलला कळलं तर..." निवडणूक हरले तेव्हाही हा माणूस एवढा केविलवाणा दिसला नव्हता.

श्रेयसला खरं तर नाही म्हणायचं होतं. पण समोर सासरे, हातात त्यांचं मीठ, त्यावर त्यांचंच तूप. त्याने लॅपटॉप उघडला आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: साडेबारा ते दोन, भोंगा बंद.

"बिबट्या पहाटे आणि संध्याकाळीच फिरतो," तो म्हणाला. हे त्याने मामांना सांगितलं की स्वतःला, ते त्यालाही कळलं नाही.

भोंगा गप्प झाला. बायका टोमॅटो तोडायला परतल्या, टेम्पो वस्तीपर्यंत येऊ लागला. जावयाच्या हुशारीच्या गोष्टी उंबरदऱ्यापर्यंत पोचल्या.

"काय बिघडलं होतं रे?" प्रांजलने विचारलं.

"सेन्सरचं मोजमाप सरकलं होतं. नीट केलं."

"तुला सांगू, किती बरं वाटतंय. नाक सुधारलं आणि अप्पाही." तिने मोबाइल पुढे केला. "हा आलेख बघ. तरण्या पोराची असते तशी साखर. मी हा आलेख बाकीच्या पेशंटना दाखवते, माहितीये?"

श्रेयसने गेणभाऊंच्या साखरेचं कौतुक केलं आणि पाणी प्यायला आत निघून गेला. तिच्याशी तो पहिल्यांदाच असं खोटं बोलला होता.

अधिक महिना सरला, लग्नाचे मुहूर्त निघाले, आणि निघायच्या आदल्या दिवशी गेणभाऊ भाच्याच्या लग्नाला गेले. चकती परत करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही आणि मागायचं मामांच्या.

दुपारी एक वाजता श्रेयस ओट्यावर काम करत होता. फोन थरथरला.

"जावईबापू," मामांचा आवाज कुजबुजत होता, "आवाज न करता ऐका. मी पिंजऱ्यात आहे."

"कुठल्या पिंजऱ्यात?"

"गावात पिंजरे किती आहेत? पातेलं धुवायला हौदावर गेलो, तर पलीकडं ती. पाणी पीत होती. मला दुसरं काही सुचलं नाही, घुसलो आत, अन् दार पडलं. आता ती खांबापाशी बसलीय. माझ्याकडं बघतीय. शेळी ओरडतीय. हिला गप्प कसं करायचं?"

श्रेयस ताडकन उठला. "मामा, हलू नका. तिथेच थांबा."

"दुसरीकडं कुठं जाणार?"

त्याने आत हाक मारली, "प्रांजल!"

उत्तर मामींनी दिलं. त्या दिवशी बचत गटाला सुट्टी होती. "ती गेली की मळ्यात. तिच्या मोबाइलवर घंटी वाजली, अप्पांची साखर एकदम चढलीय म्हणून. पळतच गेली गोठ्यामागून."

लग्नाच्या मांडवात त्या वेळी गेणभाऊ तिसऱ्या जिलेबीवर होते.

गोठ्यामागची पायवाट थेट हौदावर निघत होती, आणि वाटेत शेवटपर्यंत उसाची भिंत. तिला काही दिसलं नसतं. भोंगा वाजायला हवा होता. नाकाला कधीच वास लागला होता, ते सेकंदासेकंदाला बिबट्या, बिबट्या सांगत होतं, आणि श्रेयसची ती एक ओळ त्याच्या तोंडावर हात ठेवून बसली होती.

लॅपटॉपच्या कळा त्याला सापडेनात. ओळ काढली, प्रोग्रॅम पाठवला. रेडिओवरून तो खांबापर्यंत पोचायला लागलेला वेळ त्याला आयुष्यभर पुरला. मग डोक्यावर भोंगा फुटला. श्रेयस तोवर गोठ्याच्या दिशेने पळत सुटला होता. "प्रांजल, थांब! मागे फिर!"

ती वाटेच्या वळणावर उभी होती. भोंगा ऐकून जागच्या जागी थबकलेली, हातात साखरेचं औषध. वळणापलीकडे मादी उठून उभी राहिली. आवाज, आरडाओरडा, चारी बाजूंनी धावणारी माणसं. तिने एकदा पिंजऱ्याकडे, एकदा वाटेकडे पाहिलं आणि उसात शिरली. पाती हलली आणि स्थिर झाली.

श्रेयस प्रांजलपाशी पोचला. तिनेच त्याचा दंड घट्ट धरला.

पिंजऱ्याला वनखात्याचं कुलूप होतं. तडवी मॅडम किल्ली घेऊन येईपर्यंत सगळं गाव गोळा झालं. आपले सरपंच बिबट्याच्या कप्प्यात मांडी घालून बसलेत आणि मांडीवर पातेलं आहे, हे दृश्य लोकांनी नीट बघून घेतलं.

"भोंगा उशिरा वाजला," तडवी मॅडम येताच म्हणाल्या. हौदाजवळचे ठसे त्यांनी पाहिले होते. "बराच वेळ ती इथं बसली होती. का नाही वाजला?"

श्रेयस पुढे झाला. "मी बंद केला होता. साडेबारा ते दोन."

प्रांजलने वळून पाहिलं. "तू?"

"हो."

"मी त्या वाटेने चालत होते, श्रेयस."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्याला बोलू नको!" पिंजऱ्यातून सरपंचांचा आवाज आला. गज धरून ते उभे राहिले होते. "मंडळी, ऐका. जावयाचा दोष एवढाच, की त्याला सासऱ्याला नाही म्हणता आलं नाही. रोज एक वाजता बिबट्या नव्हता. मी होतो. भात माझा, हट्ट माझा, अन् तुमचे टोमॅटो सडले तेही माझ्यामुळं. साखरेची चकती गेणभाऊच्या दंडावर आहे. आज माझ्या जिभेपायी माझी पोर..." आजवर केलेल्या भाषणांपैकी हे एकच त्यांनी टाळ्यांसाठी केलं नव्हतं, आणि टाळ्या वाजल्याही नाहीत. माणसं खाली बघत होती.

मंदामामी गर्दीतून पुढे आल्या. पातेल्यात डोकावून बघितलं.

"आंबेमोहोर?"

"हो."

"तूप घालून?"

"...हो."

मामी तडवी मॅडमकडे वळल्या. "मॅडम, दार उघडायची घाई करू नका. शेळीला मात्र बाहेर काढा, तिचा काही दोष नाही."

तेव्हा गाव हसलं. शेळी सुटली. सरपंच सुटले ते चहा झाल्यावर.

परतीचा प्रवास एक दिवस पुढे गेला. प्रांजलने वडिलांच्या दंडावर नवी चकती स्वतः चिकटवली, तासभर बसून खरे आकडे पाहिले आणि डोळे पुसले. सासरा आणि जावई समोर शाळेतल्या पोरांसारखे उभे होते.

"अप्पा, तुम्ही भात खाल्ला याचं मला एवढं काही वाटत नाही," ती म्हणाली. "मी पूर्ण बंद करायला नको होता. माणूस चोरून खातो ते वाढून खाण्यापेक्षा दुप्पट असतं, हे मी रोज लोकांना सांगते." मग नवऱ्याकडे वळली. "तुझा हिशोब मात्र वेगळा आहे. मला माहीत असतं तर मी त्या वाटेला गेलेच नसते."

"पुन्हा नाही होणार."

"पुन्हा झालं तर पिंजरा आहेच."

तोडगा निघाला तो तडवी मॅडमकडून. नाक चालतंय की नाही, हे दर आठवड्याला तपासून बघायचा नियम होता. त्यासाठी बिबट्याच्या वासाचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेतून मागवावा लागे, आणि तो येईपर्यंत नाक तपासायचं राहून जाई. तोच रेणू पातेल्यात शिजत असेल तर नमुना हवा कशाला? महिनाभरात वनखात्याचं परिपत्रक निघालं: दर रविवारी दुपारी एक वाजता खांबाखाली आंबेमोहोर शिजवून चाचणी घ्यावी, भोंगा वाजल्याची नोंद करावी, वाया न घालवता नमुन्याची विल्हेवाट लावावी. शेतावर एरवी कुणाला आंबेमोहोर शिजवायचा असेल, त्याने आदल्या दिवशी कळवावं. या शेवटच्या कलमामुळे हिवरकुंडात कुणाच्या घरी चांगला भात आहे हे आता सगळ्या गावाला अगोदर कळतं, आणि जेवायच्या वेळी पाहुण्यांची ये-जा वाढली आहे.

विल्हेवाटीचं काम सरपंचांकडे आलं. प्रमाण प्रांजलने ठरवलं: अर्धी वाटी, आधी भाजी आणि वरण, नंतर मळ्याला दोन फेऱ्या, मामींच्या सोबतीने. फेऱ्या मारताना दोघं भांडतात, असं गेणभाऊ सांगतात, पण फेरी चुकवत नाहीत.

तीन रविवार झाले आणि सरपंचांनी वनखात्याला रीतसर पत्र पाठवलं. अर्ध्या वाटीने भोंगा क्षीण वाजतो, सबब गावाच्या सुरक्षेचा विचार करून नमुन्याचं प्रमाण किमान दोन वाट्या करावं, असं त्यात लिहिलं होतं. तडवी मॅडमनी ते तज्ज्ञांच्या अभिप्रायासाठी पुण्याला, प्रांजलकडे धाडलं.

प्रांजलने अभिप्राय त्याच दिवशी परत पाठवला. एकच ओळ होती.

'भोंगा ठीक आहे. सरपंचांचे कान तपासून घ्यावेत.'